संघर्षग्रस्त देशांत पुनर्बांधणीच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून जाताना : नागपूर-विदर्भातील व्यावसायिकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

युद्ध थांबले किंवा निदान शमले की त्या देशाला पाणीयोजना चालवणारा अभियंता, वीजवाहिन्यांची दुरुस्ती करवून घेणारा तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका, हिशेब चोख ठेवणारा लेखापाल आणि भांडार सांभाळणारा व्यवस्थापक यांची फार गरज पडते. नागपुरात अशी माणसे भरपूर आहेत आणि पाच-दहा वर्षे नोकरी झाल्यावर त्यांच्यापैकी काहींच्या मनात हा विचार येतोच. अशा इच्छुकांचे अर्ज वाचून देण्याचे आणि त्यांना मुलाखतीसाठी तयार करण्याचे काम मी बऱ्याच काळापासून करीत आहे. बहुतेकांची इच्छा खरी असते. परंतु सुरुवात कुठून करायची हे ठाऊक नसल्याने चांगली माणसे पहिल्याच पायरीवर थांबतात आणि काही जण तर चुकीच्या माणसांच्या हाती लागतात. म्हणून तयारीचा क्रम येथे सविस्तर मांडत आहे.

पहिली पायरी : आपण तिथे नेमके काय करणार

पुनर्बांधणीत भिंत उभी करणारे हात तिथल्याच लोकांचे असतात. मिस्त्री तिथेच मिळतो, ठेकेदार तिथलाच असतो, नगरपालिकेचा जुना अभियंताही बहुधा जिवंत असतो आणि त्याला शहरातली प्रत्येक जलवाहिनी पाठ असते. बाहेरून येणाऱ्याचे काम या लोकांना पुन्हा उभे राहायला मदत करणे, दर्जा तपासणे, हिशेब आणि नोंदी लावून देणे आणि ठरलेल्या मुदतीत काम त्यांच्या हाती सोपवून परत येणे एवढेच असते. ज्याला स्वतःच्या हातांनी काही उभारण्याचीच ओढ आहे, त्याची तिथे निराशा होते.

याचे धडे आपल्याला घराजवळही मिळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी हलवण्यात आली, तर इतर अनेक गावांत लोकांनी शासनाचे अर्थसाहाय्य आणि तांत्रिक मार्गदर्शन घेऊन आपापली घरे स्वतः दुरुस्त केली. श्रीलंकेत मे २००९ मध्ये यादवी संपल्यावर भारत सरकारने उत्तर आणि पूर्व प्रांतांत घरे बांधण्यासाठी जी योजना राबवली, तिच्यातील बहुतांश घरेही मालकांनीच बांधली. प्रत्येक कुटुंबाला साडेपाच लाख श्रीलंकन रुपये टप्प्याटप्प्याने थेट खात्यात मिळत. पाया झाला की एक हप्ता, छत झाले की पुढचा, अशी ती रचना होती आणि अभियंत्यांनी टप्पा तपासल्याशिवाय पुढचे पैसे सुटत नसत. हे तपासणीचे आणि समजावून सांगण्याचे कामच बाहेरून जाणाऱ्याच्या वाट्याला येते. आपल्या अनुभवातील असे काम आधी हुडकून काढा, कारण पुढचा सगळा अर्ज त्यावर उभा राहणार आहे.

दुसरी पायरी : जाण्याचा मार्ग निवडणे

या पायरीवर घाई करू नये. संस्था योग्य असेल तर पुढच्या अनेक अडचणी ती स्वतःच सोडवते. संस्था चुकीची असेल तर बाकीची सगळी तयारी वाया जाते आणि जिवावरही बेतू शकते.

सर्वांत खुला मार्ग संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमाचा आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या कार्यक्रमाचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ स्वयंसेवकासाठी वय किमान २७ वर्षे आणि संबंधित कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. ३५ वर्षांपुढील आणि पंधरा वर्षे अनुभव असलेल्यांसाठी वेगळा वरिष्ठ गट आहे. नोंदणी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य होते. पगार मिळत नाही, परंतु राहण्या-जेवण्यापुरता मासिक निर्वाहभत्ता, प्रवासखर्च, आरोग्यविमा आणि जीवनविमा मिळतो. माहिती भरून ठेवली म्हणजे कोणी आपोआप बोलावत नाही. प्रत्येक जागेची जाहिरात वाचून तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

दुसरा मार्ग ‘मेदसाँ सां फ्रोंतिएर’ (इंग्रजीत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’) या १९७१ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय संस्थेचा आहे. तिला १९९९ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि तिचे काम भारतातही चालते. तिच्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे की ती केवळ डॉक्टरांना घेते. प्रत्यक्षात तिच्या पथकांत पाणी व स्वच्छता अभियंते, वीजतंत्रज्ञ, बांधकाम पर्यवेक्षक, भांडारपाल आणि लेखापाल मोठ्या संख्येने असतात, कारण जनित्र बंद पडले तर शस्त्रक्रियागृहही बंद पडते. पहिली नेमणूक साधारणपणे नऊ ते बारा महिन्यांची असते. शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांना मात्र काही आठवड्यांसाठीही जाता येते. नोकरी न सोडता रजा काढून जाऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांनी याचा जरूर विचार करावा.

सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांतील अधिकाऱ्यांना आपल्या सरकारतर्फे जाण्याचा मार्गही असतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या १९६४ पासून चालू असलेल्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमात इतर देशांत तज्ज्ञ पाठवण्याची तरतूद आहे. अफगाणिस्तानात जून २०१६ मध्ये उद्घाटन झालेले हेरात प्रांतातील ४२ मेगावॅटचे सलमा धरण ‘वॅपकॉस’ या सरकारी कंपनीने उभारले आणि काबूलचे संसद भवन केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने. हे स्वयंसेवेचे काम नव्हे, पगारी नेमणूक आहे. तरीही ज्यांना दोन्ही मार्ग खुले आहेत त्यांनी यालाच पसंती द्यावी असे माझे मत आहे, कारण सुरक्षेची जबाबदारी आपल्याच सरकारकडे राहते.

एकट्याने, पर्यटक व्हिसावर, समाजमाध्यमांवर ओळख झालेल्या एखाद्या गटाच्या भरवशावर अजिबात जाऊ नये. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे नागपुरातील कित्येकांना ठाऊक नसते. ते पाच डॉक्टर काँग्रेसने रीतसर पाठवलेले पथक म्हणून गेले होते, चिनी बाजूने मदतीची विनंती आली होती आणि कोणाच्या हाताखाली काम करायचे हे ठरलेले होते. त्या काळी आवश्यक मानलेली ही व्यवस्था आज तर अधिकच आवश्यक आहे.

फसवणूक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. संयुक्त राष्ट्रांची कोणतीही संस्था अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण किंवा वैद्यकीय तपासणी यांसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मुलाखत न घेता नेमणूकपत्र आले, पत्त्यात संस्थेऐवजी मोफत ई-मेल सेवेचे नाव असले किंवा ‘अनामत भरा, नंतर परत मिळेल’ असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबावे. मदतनीसाची नोकरी देतो असे सांगून रशियाला नेलेल्या भारतीय तरुणांना युद्धाच्या आघाडीवर पाठवल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि त्यांतील काहींचा जीव गेला. सीताबर्डीतल्या एखाद्या कार्यालयात बसून कोणी ‘पुनर्बांधणीचे काम आहे, पगार मोठा आहे’ असे सांगत असेल, तर त्याचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याशिवाय पासपोर्टची प्रतसुद्धा देऊ नये.

तिसरी पायरी : अर्ज लिहिणे

आपल्याकडचे अर्ज पदनामांनी भरलेले असतात आणि त्यांत कामाचा पत्ता नसतो. एका पाणीपुरवठा अभियंत्याच्या अर्जातील ओळ अशी होती : ‘कनिष्ठ अभियंता म्हणून ग्रामीण पाणीपुरवठा योजनांचे पर्यवेक्षण केले.’ त्याच्याशी तासभर बोलल्यावर कळले की काटोल तालुक्यात उन्हाळ्यात विहीर आटल्यावर त्याने टँकरचे वेळापत्रक लावले होते, सरपंच आणि ठेकेदार यांच्यातील भांडण मिटवले होते, बंद पडलेल्या पंपाचे सुटे भाग स्थानिक बाजारातून जुळवले होते आणि गावातल्या दोन तरुणांना पंप चालवायला शिकवून मगच तो तिथून निघाला होता. निवड करणाऱ्याला हेच हवे असते. ओळ बदलून आम्ही लिहिले : ‘टंचाईच्या काळात गावाचा पाणीपुरवठा टँकर आणि दुरुस्त पंपांवर चालू ठेवला, दोन स्थानिक चालकांना प्रशिक्षण दिले आणि योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केली.’ किती लोकांना पाणी मिळाले, किती दिवस, किती खर्चात, हे आकडे ज्याच्याजवळ असतील त्याने जरूर द्यावेत. नसतील तर अंदाजे ठोकून देऊ नयेत, कारण मुलाखतीत त्यांवरच प्रश्न येतात.

२३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा ज्यांनी मदतकेंद्र चालवले, वाटपाच्या याद्या केल्या किंवा गाळ उपसल्यानंतर विजेची जोडणी तपासून दिली, त्यांनी तेही लिहावे. लोक हा अनुभव घरचे काम समजून सोडून देतात, जे माझ्या मते चूक आहे.

मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : तुम्ही गेल्यानंतर तुमचे काम कोण करील? यावर ज्याला उत्तर सुचत नाही, त्याचे तांत्रिक ज्ञान कितीही चांगले असले तरी तो मागे पडतो.

चौथी पायरी : नागपुरात राहून करता येणारी तयारी

मानवीय मदतकार्यात किमान निकषांची एक सर्वमान्य पुस्तिका आहे, जिला ‘स्फिअर’ म्हणतात आणि जिची चालू आवृत्ती २०१८ ची आहे. तिच्यानुसार आणीबाणीत माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ, पाण्याचे ठिकाण घरापासून ५०० मीटरच्या आत, २० माणसांमागे एक शौचालय आणि निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरतात. आपला शहरी पाणीपुरवठा अभियंता माणशी १३५ लिटरवर आराखडा करायला सरावलेला असतो. पंधरा लिटरवर विचार करायचा म्हणजे जलवाहिनीचा व्यास कमी करून भागत नाही. रांग कुठे लागेल, बायकांना अंधारात किती चालावे लागेल, कॅनमधले पाणी घरात कसे साठवले जाईल, हे प्रश्न आराखड्याच्या केंद्रस्थानी येतात. पाण्याच्या गुणवत्तेचे शास्त्र समजून घ्यायचे असेल तर नीरीसारखी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे, तेव्हा तिथली व्याख्याने आणि प्रशिक्षणवर्ग यांवर लक्ष ठेवावे.

१९५७ मध्ये नागपुरात सुरू झालेले राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय आता इथल्याच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाले आहे. तेथील अभ्यासक्रम प्रामुख्याने सरकारी यंत्रणा आणि नागरी संरक्षण दलासाठी असले, तरी आपल्याला कोणत्या वर्गात प्रवेश मिळू शकतो याची चौकशी करण्यात काहीच तोटा नाही. संयुक्त राष्ट्रांचे ‘बी-सेफ’ हे सुरक्षाविषयक ऑनलाइन प्रशिक्षण मात्र कोणालाही विनामूल्य पूर्ण करता येते. त्याचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडल्यास उमेदवार गंभीर असल्याचे दिसते. भाषेच्या बाबतीत इंग्रजी गृहीतच धरतात. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी फ्रेंच आणि इराक, सीरिया, सुदानसाठी अरबी कामचलाऊ जरी आली, तरी निवडीची शक्यता बरीच वाढते.

स्थापत्य अभियंत्यांसाठी थोडे अधिक सांगतो. भूकंपात इमारतीला आडवे हादरे बसतात, म्हणून आपण आधी खांब आणि सांधे पाहतो. स्फोटाचा दाब खालून वरही येतो आणि स्लॅब उचलतो. स्लॅबच्या मध्यभागी वरच्या बाजूला सहसा सळई नसल्यामुळे तो तिथे तडकतो, आणि नंतर खाली बसल्यावर वरवर पाहता धड दिसतो. आग लागून गेलेल्या इमारतीत काँक्रीट गुलाबीसर झालेले दिसले, तर ते साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले असावे असे समजून त्याच्या मजबुतीची चाचणी घ्यावी. याहून महत्त्वाचे म्हणजे, न फुटलेली स्फोटके काढून जागा निर्धोक झाल्याचे लेखी कळल्याशिवाय ढिगाऱ्यावर पाऊल ठेवू नये. २०१७ मध्ये इराकमधील मोसुलची लढाई संपल्यावर जुन्या शहरातील मलबा उपसण्याचे काम याच कारणाने रखडत गेले. अफगाणिस्तानासारख्या देशांत रस्त्याकडेला लाल रंगवलेले दगड धोक्याची आणि पांढरे दगड साफ झालेल्या जागेची खूण सांगतात; आपण जाणार त्या भागात कोणती खूण वापरतात, हे पोहोचल्या दिवशीच विचारून घ्यावे.

पाचवी पायरी : कागदपत्रे

पासपोर्टची मुदत परतीच्या अपेक्षित तारखेनंतरही किमान सहा महिने असावी. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो आणि तो जुना चालत नाही, म्हणून निवड झाल्यावरच काढावा. पदवी आणि वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणीकरण मात्र आधीच सुरू करावे. युक्रेनसारखा देश एकमेकांची कागदपत्रे मान्य करण्याविषयीच्या हेग कराराचा सदस्य असल्याने तिथे परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे प्रमाणीकरण, पुरते. इराकसारख्या करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाचे साक्षांकनही लागते आणि त्यात काही आठवडे सहज जातात.

इराक, अफगाणिस्तान, सीरिया, येमेन, लिबिया, लेबनॉन, सुदान यांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना सरकारची उत्प्रवास परवानगी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागते. परिचारिकांना २०१५ पासून या देशांसाठी शिक्षण कितीही झालेले असले तरी ती लागते, हे नागपुरातील परिचारिकांनी विशेष लक्षात ठेवावे. येमेनसारख्या देशाबाबत आपल्या सरकारचे प्रवासनिर्बंध आहेत. संस्थेने बोलावले म्हणून ते आपोआप शिथिल होत नाहीत. शासकीय सेवेत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि असाधारण रजेचा आदेश हातात पडल्याशिवाय होकार कळवू नये. दक्षिण सुदान किंवा काँगोला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी.

सहावी पायरी : विमा आणि घरची व्यवस्था

नेहमीचा प्रवासविमा आणि अपघातविमा यांच्या अटींत युद्ध व युद्धसदृश परिस्थितीतील हानी बहुधा वगळलेली असते. म्हणून संस्थेचा विमा नेमके काय भरून देतो, हे लेखी मागावे : मृत्यू, कायमचे अपंगत्व, विमानाने हलवून उपचार, अपहरण आणि परतल्यानंतर सुरू होणारा मानसिक उपचार. शेवटची बाब विचारायला लोक संकोचतात, पण गरज तिचीच अधिक वेळा पडते. उत्तर टाळणाऱ्या संस्थेला नकार द्यावा.

घरी पत्नी, पती किंवा प्रौढ मूल यांच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करावे, मृत्युपत्र नोंदवावे, बँक आणि भविष्यनिर्वाह निधीतील वारसनोंद तपासावी, गृहकर्जाचे हप्ते आपोआप वळते होतील असे पाहावे. आई-वडिलांना ठिकाण खोटे सांगून जाऊ नये. बातमी दूरचित्रवाणीवरून कळली तर त्यांचा विश्वास कायमचा तुटतो. शिवाय संकटात संस्था ज्यांच्याशी बोलणार ती माणसे तीच असतात.

सातवी पायरी : सुरक्षा

१९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधील कनाल हॉटेलात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर हल्ला होऊन २२ जण मरण पावले. २००६ मध्ये हैदराबादच्या एका दूरसंचार अभियंत्याची अफगाणिस्तानातील झाबुल प्रांतात अपहरण करून हत्या झाली. जून २०१४ मध्ये मोसुलमधून ३९ भारतीय कामगारांचे अपहरण झाले आणि त्यांची हत्या झाल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदुझ येथे ‘मेदसाँ सां फ्रोंतिएर’च्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने केलेल्या हल्ल्यात ४२ जण गेले. रुग्णालय म्हणून, संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा म्हणून किंवा भारतीय म्हणून कोणी आपोआप सुरक्षित राहत नाही, हे मनाला पटवूनच निर्णय घ्यावा.

सुरक्षा अधिकारी सुरुवातीलाच एक फॉर्म भरून घेतात, ज्यात अपहरण झाल्यास माणूस जिवंत आहे याची खात्री करण्यासाठी तीन-चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहायची असतात. हा फॉर्म घाईत भरू नये. आईचे माहेरचे आडनाव किंवा शाळेचे नाव समाजमाध्यमांवर सापडते, म्हणून ते निरुपयोगी ठरते. ‘आजोळच्या विहिरीजवळ कोणते झाड होते?’ असा प्रश्न चांगला, कारण उत्तर घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नसते, ते एका शब्दात देता येते आणि भीतीच्या क्षणीही आठवते. उत्तर मनाला यातना देणाऱ्या आठवणीशी जोडलेले नसावे.

पलंगाशेजारी एक लहान पिशवी कायम भरलेली ठेवावी : पासपोर्ट, लहान रकमेच्या डॉलर नोटा, महिन्याची औषधे, टॉर्च, पॉवर बँक, पाणी आणि बंद पायांचे बूट. संयुक्त राष्ट्रांच्या मदतविमानांत सामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १५ ते २० किलोच असते, तेव्हा नागपूरहून निघतानाच तेवढेच घ्यावे. पोहोचताच भारतीय दूतावासात नोंदणी करावी. २०१५ मध्ये येमेनमधून आणि २०२३ मध्ये सुदानमधून भारतीयांना परत आणले गेले, तेव्हा लोकांचा ठावठिकाणा आधी ठाऊक असण्याला फार महत्त्व होते. लष्कराच्या गाडीतून फुकट प्रवास करू नये, गणवेशधाऱ्यांसोबत छायाचित्रे काढू नयेत आणि कोणाची बाजू बरोबर या चर्चेत पडू नये. यामुळे आपल्यापेक्षा आपल्या स्थानिक सहकाऱ्यांवर संकट येते, कारण त्यांना तिथेच राहायचे असते.

आठवी पायरी : काम करताना आणि परतताना

पहिले दोन-तीन आठवडे शिफारशी देऊ नयेत. जुन्या नोंदवह्या पाहाव्यात, दुभाष्याला बरोबर घेऊन मिस्त्री, पंपचालक, परिचर यांच्याकडून कामाची रीत समजून घ्यावी. ज्या दिवशी कामाला सुरुवात होते त्याच दिवशी हस्तांतरणाची वही उघडावी आणि तिच्यात कोणत्या पंपाचा कोणता सुटा भाग कुठल्या दुकानात मिळतो, कोणत्या ठेकेदाराचे कोणते देयक थकले आहे, चाव्या कोणाकडे आहेत, एवढे बारीक लिहीत जावे. वही स्थानिक सहकाऱ्याच्या भाषेत आणि त्याच्या ताब्यात असावी.

कठीण ठिकाणी ठरावीक आठवड्यांनी सक्तीची विश्रांतीची रजा असते. ती साठवू नये, वेळच्या वेळी घ्यावी. परत आल्यावर वैद्यकीय तपासणी आणि समुपदेशकाशी किमान एक सविस्तर भेट संस्थेच्या खर्चाने करून घ्यावी. झोप न लागणे, फटाक्यांच्या आवाजाने दचकणे, घरच्यांवर विनाकारण चिडणे महिनाभरानंतरही चालूच राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. जुन्या नोकरीत रुजू होण्याची तारीख परतीनंतर लगेचची न ठेवता निदान तीन-चार आठवडे पुढची ठेवावी आणि ती रजेच्या अर्जातच मागून घ्यावी, कारण नंतर मागितल्यास कार्यालये सहसा देत नाहीत.